फोन ‘पुरे’ म्हणतो तेव्हा

सुट्टीत दुबईला मामाकडे किंवा आत्याकडे गेला असाल, किंवा शारजा-अबुधाबीतच राहत असाल, तर हा प्रकार तुम्ही नक्की पाहिला असेल. जुलैतली भर दुपार. उन्हात उभी असलेली गाडी निघते. बाबा फोन होल्डरला लावतात, केबल खोचतात, नकाशा सुरू करतात. थोड्याच वेळात पडद्यावर सूचना येते, की चार्जिंग थांबवलं आहे, फोन गार झाला की पुन्हा सुरू होईल. बाबा केबल काढून परत लावतात. आई म्हणते, ‘‘वायर गेली असेल, दुसरी घेऊ.’’

वायर गेलेली नसते. चार्जरही ठीक असतो. फोनने स्वतःच ‘आता नको’ म्हटलेलं असतं.

हो, फोन नको म्हणू शकतो! आपल्याला वाटतं, चार्जर वीज ढकलतो आणि फोन ती निमूटपणे घेतो. तसं अजिबात नाही. लग्नातली पंगत आठवा. वाढपी आधी सांगतो, ‘जिलबी आहे, मठ्ठा आहे.’ मग पानावर बसलेला माणूस मागतो, ‘दोन वाढा.’ आणि पोट भरलं की तो पानावर हात आडवा धरतो. चार्जर म्हणजे तो वाढपी, फोन म्हणजे पानावर बसलेला पाहुणा. किती घ्यायचं हे पाहुणा ठरवतो. या दोघांचं बोलणं सतत चालू असतं, फक्त ते आपल्याला ऐकू येत नाही.

पण उन्हात तो हात आडवा का धरतो?

संयुक्त अरब अमिरातीतला उन्हाळा साधासुधा नसतो. मे २०२५ मध्ये अबुधाबी अमिरातीतल्या स्वेहान इथे ५१.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी आहे, ती कामगारांच्या जिवासाठी. ही झाली बाहेरची गोष्ट. बंद गाडीत याहून वाईट हाल असतात. सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, त्यांच्यामुळे आतली हवा तापते आणि ती हवा बाहेर जाऊ शकत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ साली गाड्या उन्हात उभ्या करून मोजमाप केलं. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असलेल्या दिवशी, तासाभरात गाडीतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर! ॲरिझोना हाही वाळवंटी मुलूखच. म्हणून माणसाला, त्यातही लहान मुलांना, बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा एकटं ठेवायचं नसतं. आयफोन बनवणारी ॲपल कंपनी तर सांगते, की फोन ० ते ३५ अंशांत वापरावा आणि उभ्या गाडीत तो ठेवून जाऊ नये.

फोनला एवढी नाजूक तब्येत कुठून आली? बॅटरीतून. फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. चार्जिंग चालू असताना लिथियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, एका टोकाकडून निघतात, मधल्या द्रवातून वाट काढतात आणि पलीकडच्या ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. (ग्राफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलीच्या शिशात असतं तेच.) फोन वापरताना ते उलट्या दिशेने परततात. एवढीशी ये-जा, पण तिनेच खिशातला फोन शक्य झाला. ही बॅटरी घडवण्याबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते! इतक्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच.

आता, रासायनिक क्रिया उष्णतेने वेगात होतात. हव्या असलेल्या क्रियांबरोबर नको असलेल्याही. बॅटरी तापली की मधल्या द्रवाची ग्राफाइटच्या पृष्ठभागाशी नको ती क्रिया होऊ लागते, तिथे एक थर जाड होत जातो आणि थोडंथोडं लिथियम त्या थरात कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम पुन्हा ये-जा करत नाही. म्हणजे तेवढी बॅटरी संपली, ती परत मिळत नाही. त्यात बॅटरी पूर्ण भरलेली आणि वर तापलेली असेल, तर नुकसान सगळ्यांत जास्त.

म्हणून बॅटरीला खेटून एक इवलासा तापमापक बसवलेला असतो, त्याला थर्मिस्टर म्हणतात. तापमान बदललं की त्यातून वीज कमी-अधिक सहज वाहते आणि त्यावरून फोनला कळतं, की बॅटरी किती तापली आहे. तापमान ४५ अंशांच्या आसपास पोचलं, की आतली चिप चार्जिंग हळू करते किंवा थांबवते. काही वेळा पडद्याचा उजेडही कमी होतो, कारण पडद्याचीही उष्णता असते. आणि बिचाऱ्या फोनवर त्या वेळी किती बाजूंनी मारा चालू असतो पाहा: काचेतून येणारं ऊन, उन्हात दिसावं म्हणून पूर्ण उजेडाने पेटलेला पडदा, नकाशाची सतत चाललेली आकडेमोड, मोबाइल टॉवरशी चाललेला संपर्क आणि वर चार्जिंगची स्वतःची उष्णता. मला विचाराल, तर अमिरातीत फोनच्या होल्डरसाठी समोरची काच ही सगळ्यांत वाईट जागा. तो एसीच्या झरोक्यापाशी लावावा. मात्र तापलेला फोन फ्रिजमध्ये कधीही ठेवू नका, आत पाण्याचे थेंब धरतात.

आता वाढप्याकडे वळू. गाडीत लायटरच्या जागी जे गोल सॉकेट असतं, त्यात सुमारे १२ व्होल्टची वीज असते. ती येते शिसं आणि आम्ल यांच्या जड बॅटरीतून. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ साली तयार केलेल्या बॅटरीची ती वंशज. इंजिन चालू झालं की हा आकडा १४ व्होल्टच्या आसपास जातो. पण फोनला तर साधारणपणे ५ व्होल्ट हवे असतात. मग उरलेले व्होल्ट चार्जर जाळून टाकतो का?

तसं केलं तर चार्जरच भाजेल. त्याऐवजी तो एक सुंदर युक्ती करतो. त्याच्या पोटातला एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. वेळेचे १२ भाग केले, तर ५ भाग चालू आणि ७ भाग बंद. सरासरी काढा बरं! १२ व्होल्टचे बारा भाग, त्यांतले पाच, म्हणजे ५ व्होल्ट. पुढे एक तारेचं वेटोळं आणि एक कपॅसिटर हे धक्के सपाट करतात आणि फोनपर्यंत एकसारखे ५ व्होल्ट पोचतात. इंजिन सुरू होऊन १४ व्होल्ट झाले, तर स्विच लगेच १४ भागांतले ५ भागच चालू राहतो. अंगठ्याएवढ्या चार्जरमध्ये हे गणित न थकता चालू असतं.

जुन्या गाड्यांमध्ये गाणी वाजवण्यासाठी दिलेला यूएसबी पोर्ट असतो. त्यातून बहुतेक वेळा ५ व्होल्ट आणि फक्त अर्धा ॲम्पिअर मिळतो. दोघांचा गुणाकार म्हणजे अडीच वॉट. दुबई ते अबुधाबी सुमारे १४० किलोमीटर, दीड तास धरू. अडीच गुणिले दीड, म्हणजे पावणेचार वॉट-तास. फोनच्या बॅटरीत साधारण १५ वॉट-तास मावतात. म्हणजे फार तर पाव बॅटरी भरणार, तीही फोन नुसता पडून राहिला तर! नकाशा चालू असेल, तर केबल लावलेली असूनही आकडा खाली घसरताना दिसतो. मुलं मग म्हणतात, की पोर्ट बिघडलाय. बिघडलेला नाही, तो मुळात दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलावं म्हणून बनलेला होता. वीज ही त्याची जोडकामगिरी. जुन्या यूएसबी केबलमध्ये मुख्य चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन बोलण्याच्या. काही स्वस्त केबलींमध्ये बोलण्याच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने फोन चार्ज होतो, पण गाडीच्या पडद्यावर नकाशा येत नाही.

हा यूएसबी ज्या चमूने घडवला, त्याचे प्रमुख अजय भट्ट आपल्या शेजारचेच. वडोदऱ्यात, महाराजा सयाजीराव गायकवाडांचं नाव असलेल्या विद्यापीठात ते शिकले, मग अमेरिकेत इंटेल कंपनीत गेले. १९९६ साली यूएसबीचा पहिला नियमसंच बाहेर आला.

नव्या गाड्यांतला छोटा, कसाही घाला बसणारा पोर्ट म्हणजे यूएसबी-सी. तो फारच शिस्तीचा आहे. नुसत्या उघड्या सी पोर्टवर वीज नसते! पलीकडे खरोखर कोणी जोडलं गेलं आहे, हे एका खास तारेवरून कळलं की मगच ५ व्होल्ट सोडले जातात. मग त्याच तारेवरून चार्जर आपली यादी सांगतो, ‘५ व्होल्ट आहेत, ९ आहेत, १५ आहेत.’ फोन म्हणतो, ‘९ चालतील.’ चार्जर म्हणतो, ‘ठीक.’ व्होल्ट वाढवतो आणि ‘तयार’ असा निरोप देतो. हे सगळं तुम्ही केबल खोचून हात मागे घ्यायच्या आत उरकतं.

आणि वायरच नसेल तर? काही गाड्यांत फोन नुसता एका चटईवर ठेवायचा असतो. चटईखाली तारेचं वेटोळं, फोनच्या पाठीतही वेटोळं. खालच्या वेटोळ्यातली वीज सतत दिशा बदलते, तिच्यामुळे चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि वरच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी हे १८३१ साली दाखवून दिलं होतं. पण इथे बोलायला तार कुठे आहे? फोन एक गंमत करतो. तो वीज घेता घेता मध्येच थोडी जास्त ओढतो, थोडी कमी ओढतो, पुन्हा जास्त, पुन्हा कमी. खालच्या वेटोळ्याला हा फरक जाणवतो आणि त्या चढउतारातूनच ‘अजून दे’, ‘कमी कर’, ‘थांब’ हे निरोप वाचले जातात. मला ही गोष्ट अख्ख्या चार्जिंगमधली सर्वांत आवडती वाटते. मात्र या पद्धतीत वीज जास्त वाया जाते, वाया गेलेली वीज उष्णता होते, म्हणून अमिरातीतल्या दुपारी चटईवरचा फोन केबलवाल्यापेक्षा लवकर ‘पुरे’ म्हणतो.

तारेशिवाय बोलण्याची अशीच युक्ती रस्त्यावरही दिसते. दुबईच्या गाड्यांच्या काचेवर ‘सालिक’ नावाचं टोलचं स्टिकर असतं. हा टोल २००७ सालापासून आहे. फाटक नाही, थांबणं नाही, गाडी धावता धावता कमानीखालून जाते आणि पैसे कापले जातात. त्या स्टिकरमध्ये बॅटरीच नाही! कमानीवरून येणाऱ्या रेडिओलहरींतून ते क्षणभरापुरती वीज घेतं आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला नंबर सांगतं.

फोन आणि गाडी यांचं आणखी एक बोलणं चालतं, ते ब्लूटूथवर. दुबई मॉलच्या पार्किंगचा विचार करा. हजारो गाड्या, हजारो फोन. तरी आईचा फोन शेजारच्या काकांच्या गाडीत वाजत नाही. ब्लूटूथचे ७९ अरुंद पट्टे असतात. फोन आणि गाडी सेकंदाला १६०० वेळा पट्टा बदलतात, आणि बदलाचा क्रम त्या दोघांनाच ठाऊक असतो. असं उड्या मारत बोलण्याच्या एका युक्तीचं पेटंट १९४२ साली हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळालं होतं. पाणतीराला दिलेली रेडिओ आज्ञा शत्रूला बिघडवता येऊ नये म्हणून. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रं पाडलेल्या कागदी गुंडाळीवरून त्यांनी ८८ पट्टे योजले होते, पियानोच्या पट्ट्यांइतकेच.

पहिल्यांदा जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसतात. बाबा विचारतात, ‘‘सारखेच आहेत ना?’’ आणि ‘हो’ दाबतात. हे आकडे एकाने दुसऱ्याला पाठवलेले नसतात. दोघंही आपापल्या जागी गणित करून ते काढतात. मध्येच कुणी तिसरा लबाड घुसला असेल, तर दोघांची उत्तरं जुळणार नाहीत. म्हणून पाहिल्याशिवाय ‘हो’ दाबायचं नाही. गाडी भाड्याची असेल, तर परत देताना फोनची जोडणी गाडीच्या यादीतून पुसायची, नाहीतर घरच्यांचे नंबर त्या गाडीत राहून जाऊ शकतात.

या जोडणीमुळे गाडी चालवणाऱ्याला फोन हातात घ्यावा लागत नाही. अमिरातीत तसा तो घेतला तर ८०० दिरहम दंड आणि लायसन्सवर ४ काळे गुण. मागच्या सीटवरच्या मुलांनी नकाशा सांगायचं काम घेतलं, तर आणखी उत्तम.

आता घरातला एखादा चार्जर प्लगमधून काढून उलटा करा. बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ असं लिहिलेलं असेल आणि पुढे ५ व्होल्ट ३ ॲम्पिअर, ९ व्होल्ट २ ॲम्पिअर असे आकडे असतील. हीच वाढप्याची यादी. प्रत्येक जोडीचा गुणाकार करा, वॉट मिळतील. मग गाडीतल्या चार्जरवरचे आकडे वाचा, फोनच्या खोक्यावर तो किती वॉट घेऊ शकतो ते शोधा, आणि पुढच्या प्रवासात कुठला चार्जर न्यायचा ते तुम्हीच बाबांना सांगा.