मोटारीतील फ्यूजपेटीचे स्थलांतर
बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील चांदनीसारख्या भागात उन्हाळ्याची धग सोसलेल्या जुन्या मोटारीची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. इंजिनाशेजारील फ्यूजपेटीत ओल शिरते, टोकांवर गंज चढतो आणि असीरगडच्या घाटात ऐन रात्री दिवे मालवण्याची वेळ येते. अशी पेटी कोरड्या जागी हलविणे इष्टच. मात्र हे काम केवळ जागा बदलण्याचे नव्हे.

फ्यूज हा मुख्यतः तारेचा रक्षक होय. म्हणून नव्या पेटीकडे जाणाऱ्या मुख्य तारेस बॅटरीलगतच स्वतंत्र फ्यूज हवा. हौशी कामात नेमका हाच वगळला जातो! मग तार घासून पत्र्यास टेकताच बॅटरीचा सारा प्रवाह तीतून धावतो व आग भडकू शकते. तार लांबली की दाब घटून दिवे मंदावतात. यास्तव ती जाड घ्यावी. पत्र्यातील छिद्रात रबरी कडे बसवावे, तारांची जुडी धुराच्या नळीपासून दूर बांधावी. १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजऐवजी ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज किंवा चांदीचा कागद कदापि घालू नये. बॅटरीचे ऋण टोक प्रारंभीच सोडावे व सर्व जोडण्या तपासल्यावरच पुन्हा जोडावे.