मध्येच विझणारा संगणक

घरात एखादा यंत्रवेडा तरुण असला, की संगणक दुकानातून आला तसा राहत नाही. कारखान्याने नेमून दिलेल्या गतीहून अधिक वेगाने तो पळवायचा, या छंदाला ही मंडळी ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. छंद जुनाच आहे. १९९८ साली इंटेलचा ‘सेलेरॉन ३०० ए’ हा स्वस्त प्रोसेसर निघाला. तो ३०० मेगाहर्ट्झचा. परंतु मदरबोर्डचा मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला, की साडेचार पटीच्या हिशेबाने तोच ४५० वर धावे. किंमत तीच आणि वेग दीडपट! मग कोणाला मोह आवरणार? ‘संगणक चालता चालता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो’, ही तक्रारही या छंदाच्या पाठोपाठच घरोघर शिरली.

इंदूरच्या आमच्या घरी ती वैशाखात शिरली. भाच्याने जुळवून दिलेल्या संगणकावर आम्ही घराण्याचा कुलवृत्तांत टंकित करीत होतो. त्याने प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झवरून ४.२ वर नेला होता, आणि मेमरीही वाढीव वेगावर ठेवली होती. थंडीभर यंत्र बिनबोभाट चालले. वैशाखातल्या दुपारी मात्र पडदा अकस्मात काळा होई.

अशा वेळी पुष्कळजण आधी विंडोज नव्याने भरतात. आमच्या मते हा उद्योग शेवटी करावा. विंडोजची मूळ रचनाच अशी असते, की गंभीर दोष आढळताच ती स्वतःच यंत्र पुन्हा सुरू करते. ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची खूण काढली, म्हणजे निळा पडदा थांबून राहतो व दोषाचे नाव वाचता येते. निळा पडदा न येताच यंत्र विझले, तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. तिने फार हुरळून जाऊ नये. यंत्र रीतसर बंद झाले नाही, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही.

त्यानंतर ‘बायोस’मध्ये जाऊन सगळे आकडे कारखान्याच्या मूळ स्थितीवर आणावेत. तिथवर पोहोचताही येत नसेल, तर विजेची दोरी काढून मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी. मूळ गतीवर चार दिवस निर्वेध गेले, तर गुन्हेगार वाढीव गतीच.

पण थंडीत चाललेले उन्हाळ्यात का अडावे? प्रोसेसरची उष्णता गतीच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. गती ३.६ वरून ४.२ आणि व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले, की उष्णता जवळजवळ दीडपट होते. पंखा ही उष्णता खोलीच्या हवेत सोडतो. खोली २५ अंशांवरून ४० वर गेली, तर प्रोसेसरही सुमारे १५ अंशांनी अधिक तापणार. माळव्याच्या रात्री सुखद असतात म्हणून रात्रीची चाचणी खरी मानू नये. ती भर दुपारी घ्यावी. शिवाय अतिउष्णतेने प्रोसेसर आधी स्वतःच मंदावतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर बंद पडून बहुधा बंदच राहतो. लगेच पुन्हा उठणाऱ्या यंत्रात गतीला व्होल्टेज अपुरे पडते, मेमरी चुकते, किंवा वीजपुरवठा डगमगतो, असा संशय अधिक धरावा.

म्हणून एका वेळी एकच आकडा वाढवावा. आम्ही भाच्याकडून तसेच करवून घेतले. प्रोसेसर एकट्याने ४.२ वर तासन्‌तास तग धरून राहिला. त्याच्यासाठी ‘प्राइम ९५’ वापरले; प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी रचलेल्या या प्रोग्रामचा ताण फार कठोर असतो. मेमरी मात्र वाढीव वेगावर नेताच ‘मेमटेस्ट’च्या दुसऱ्या फेरीत चुका झळकल्या. डब्यावर छापलेला मेमरीचा मोठा आकडा पुष्कळदा ‘एक्सएमपी’ चालू केल्यावरच मिळतो, आणि हेही एक ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

खरी धास्ती इथे आहे. यंत्र विझते तेव्हा निदान कळते तरी. मेमरीने एखादा अंक गुपचूप बदलला आणि फाइल तशीच जतन झाली, तर जन्मसाल बदलेल, आणि पुढच्या पिढ्या तेच खरे मानतील. आम्ही वैशाखातली सगळी पाने मूळ हस्तलिखित वहीशी ताडून पाहिली. बिघडलेल्या फाइलीवरून काढलेली प्रतही बिघडलेलीच असते; म्हणून दोष सापडण्यापूर्वीच्या प्रती पुसू नयेत.

मूळ स्थितीवरही यंत्र विझत राहिले, तर पॉवर सप्लाय तपासावा. बारा व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या आत हवी. भार पडताच ती खाली घसरत असेल, तर दुसऱ्याचा सप्लाय उसना आणून पाहावा. आणि मालकाचाच दोष असतो असेही नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर कोणी हात न लावताही अस्थिर होत होते. वाजवीहून अधिक व्होल्टेज मागितले जाणे हे त्याचे कारण कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, बायोसची सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर घरी असेल, तर मदरबोर्ड बनवणाऱ्याकडून नवे बायोस आधी भरून घ्यावे, आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.