बर्लिनचा हवाई पूल

२४ जून १९४८. जर्मनीच्या पश्चिम विभागांत नवे जर्मन मार्क चलन आल्याचे निमित्त करून सोव्हिएत संघाने आपल्या विभागातून पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग अडवले. वीस लाखांहून अधिक माणसांसाठी उरले ते १९४५मध्ये लेखी ठरलेले तीन हवाई मार्ग, प्रत्येकी ३२ किलोमीटर रुंद. याच मार्गांनी अमेरिका आणि ब्रिटनने शहराला माल पुरवण्याची मोहीम उघडली.

■ माल : सुमारे २ लाख ७७ हजार उड्डाणांतून २३ लाख टन. त्यातला दोनतृतीयांश कोळसा. वजन वाचवण्यासाठी बटाटेही वाळवलेले.

■ शिस्त : मोहिमेचे प्रमुख जनरल विल्यम टनर. विमाने मुख्यतः उत्तर आणि दक्षिण मार्गांनी येत, मधल्या मार्गाने परतत. पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही, तर विमान मालासकट माघारी जाई.

■ विमानतळ : टेंपलहोफ आणि गाटो अपुरे पडले, तेव्हा बर्लिनकर स्त्री-पुरुषांनी सुमारे तीन महिन्यांत टेगलची धावपट्टी उभी केली. पाण्यावर उतरणारी ब्रिटिश विमाने हाफेल नदीच्या पात्रात मीठ आणत.

■ उच्चांक : एप्रिल १९४९मध्ये ईस्टरच्या सुमारास २४ तासांत १,३९८ उड्डाणे, जवळपास १३ हजार टन माल.

■ किंमत : मोहिमेत ३९ ब्रिटिश आणि ३१ अमेरिकन दगावले. काही जर्मन नागरिकांचाही बळी गेला.

■ शेवट : १२ मे १९४९ रोजी नाकेबंदी उठली. तरीही साठा करण्यासाठी सप्टेंबरअखेरपर्यंत विमाने येतच राहिली. तीन वर्षांपूर्वी ज्या शहरावर बॉम्ब टाकले, त्याच शहराला जगवण्यासाठी वैमानिकांनी प्राण पणाला लावले, हे या मोहिमेचे खरे मोठेपण.