मज्जारज्जूची इजा आणि गर्भारपण

मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडले, की त्या स्त्रीने मातृत्वाची आशा सोडावी, असा समज आपल्याकडील अनेक घरांत आढळतो. तो खरा नव्हे. अशा स्त्रीसही दिवस राहतात व सुदृढ मूल होऊ शकते. मात्र या काळात मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गापासून तिला फार जपावे लागते.

मेंदू व मूत्राशय यांच्यातील संबंध तुटल्याने मूत्राशय पुरता रिकामा होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. गर्भारपणी मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढत्या गर्भाशयाचा दाबही येतो. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्यास अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे भय असते. इतर स्त्रियांना जळजळ होऊन सूचना मिळते. येथे ती संवेदनाच नसते. म्हणून दुखण्याची वाट न पाहता नियम पाळणे हाच उपाय होय.

अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली दाखवून दिले की, हात साबणाने धुऊन स्वच्छ कॅथेटरने ठरावीक वेळी लघवी काढणे घरीही सुरक्षितपणे जमते. सामान्यतः ४ ते ६ तासांनी हे करतात. दिवस भरत येतील तसे अंतर कमी करावे लागते. वारंवार त्रास नको म्हणून पाणी कमी पिण्याचा मोह होतो. तो टाळावा.

लघवीची कल्चर तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करावी. लघवी गढूळ वा दुर्गंधीयुक्त होणे, मध्येच गळणे, पाय अधिक आखडणे, हुडहुडी भरणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. घरातील जुन्या गोळ्या देऊ नयेत. टेट्रासायक्लिनसारखी औषधे गर्भास अपायकारक असतात.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर तुंबलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होऊन घाम सुटतो. अशा वेळी तिला उठवून बसवावे, लघवी काढावी आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

लघवीचा विषय चारचौघांत काढण्यास आपल्याकडे संकोच वाटतो. परंतु ज्या घरात अशी लेक वा सून आहे, तेथील सासूबाई, आई व पती यांनी तो बाजूस ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. तिच्या वेळा सर्वांनी सांभाळल्या, तर तिला मूकपणे सोसावे लागणार नाही.