बॉम्बे रक्तगट आणि साखर जोडणारीं जनुकें



रक्ताचा गट साखरेच्या एखाद्या कणावर ठरतो, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. तांबड्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकास फ्यूकोज नांवाची साखर जोडली गेली म्हणजे ‘एच्’ हा पाया तयार होतो. त्यावर आणखी एक साखर बसली कीं रक्त ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचें होतें. नुसता पाया राहिला तर ‘ओ’. ही जोडणी एन्झाइमें करतात, आणि प्रत्येक एन्झाइमाची घडण एका जनुकांत नमूद असते.

मुंबईचे डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ सालीं असें रक्त वर्णिलें कीं ज्यांत हा पायाच नव्हता. नेहमींच्या तपासणींत तें ‘ओ’ भासतें. परंतु अशा रुग्णास ‘ओ’ रक्त देणें म्हणजे जिवाशीं खेळ, कारण त्याचें शरीर ‘एच्’लाच परका समजतें.

हा पाया घालणारें जनुक १९९० सालीं अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांत हातीं आलें. मानवी डी.एन्.ए. उंदराच्या पेशींत सोडून, ज्या पेशींवर ‘एच्’ उमटला त्या निवडून काढल्या. युक्ति मोठी नामी! त्या जनुकास एफ्.यू.टी. १ म्हणतात. मग त्याच्याशीं जुळणारी अक्षररचना शोधतां १९९५ सालीं, एकोणिसाव्या गुणसूत्रावर त्याच्या शेजारींच, लाळेंत ‘एच्’ निर्माण करणारें एफ्.यू.टी. २ सांपडलें.

येथें एक सावधगिरी हवी. त्याच शोधांत तिसरेंही सदृश जनुक आढळलें, पण तें मोडकें, निकामी निघालें. म्हणजे साम्य दिसलें तरी काम पेशींत पारखूनच पाहावें लागतें. उलट, ३, ५ व ६ हीं जनुकेंही फ्यूकोजच वाहतात, आपसांत त्यांचें साम्य नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे, पण १ व २ शीं तीं फारशीं जुळत नाहींत. आडनांव एक असलें म्हणून भाऊबंद ठरत नाहींत, तसेंच हें.

आतां मुंबईचें कोडें पाहा. तेथील नेहमींच्या प्रकारांत पहिल्या जनुकांत ७२५ व्या जागीं एक अक्षर बदललेलें असतें आणि दुसरें जनुक गळालेलेंच असतें. म्हणून रक्तांत व लाळेंत, दोहोंकडे ‘एच्’ नाहीं. हीं दोन्हीं वैगुण्यें आईबापांकडून जोडीनें यावीं लागतात. यास्तव असा रुग्ण आढळल्यास त्याच्या सख्ख्या भावंडांचें रक्त आधीं तपासावें.