चेहरा तोच, इंजिन मोठं

फोर्डची पहिल्या पिढीतली इकॉनोलाइन व्हॅन समोरून पाहिली, तर इंजिन कुठे असेल याचा पत्ता लागत नाही. मोठी काच, तिच्याखाली सपाट पत्रा, दोन गोल दिवे आणि बंपर. गाडीला नाक असं नाहीच. दार उघडून आत डोकावलं की उलगडा होतो. ड्रायव्हर आणि शेजारचा प्रवासी यांच्या मधोमध पत्र्याची एक पेटी बसवलेली असते आणि इंजिन तिच्या पोटात असतं. अमेरिकेतले मेकॅनिक या पेटीला ‘डॉगहाउस’ म्हणतात. एसटीच्या जुन्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसून ज्यांनी घाट चढला आहे, त्यांना ही रचना समजावून सांगायला नको. खालून येणारी धग आणि घरघर त्यांच्या ओळखीची आहे.

साठ वर्षांपूर्वीच्या या व्हॅन आज अमेरिकेत हौशी लोकांच्या हाती आहेत. त्यांतल्या अनेकांना मूळचं इंजिन पुरत नाही. त्या जागी दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायचं, पण गाडीचा चेहरा मात्र जराही बदलायचा नाही, असा त्यांचा हट्ट असतो. मोठं इंजिन आणि न बदलणारा चेहरा या दोन्ही अटी पाळायच्या, तर मधली पेटी बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यातून पत्रेकामाची एक स्वतंत्र विद्याच तयार झाली आहे.

मुळात पेटी तिथे आली कशी, हे पाहायला १९६० च्या आसपास जावं लागतं. जर्मनीची फोक्सवॅगन व्हॅन १९५० पासून तयार होत होती आणि अमेरिकेतही तिला गिऱ्हाईक मिळू लागलं होतं. तिचं इंजिन मागे होतं. १९६१ च्या मॉडेलवर्षासाठी शेवरलेनेही कॉर्व्हेअर मोटारीच्या आधाराने मागे इंजिन असलेली व्हॅन आणली. त्याच वर्षीच्या इकॉनोलाइनमध्ये फोर्डने वेगळा मार्ग धरला. फाल्कन या छोट्या मोटारीचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन उचललं आणि पुढच्या दोन सीटांच्या मधे ठेवलं. त्यामुळे मागच्या दारापासून पुढच्या सीटपर्यंतची जमीन एका पातळीत राहिली. मालवाहू गाडीला आणखी काय हवं असतं? दोन्ही आसांमधलं अंतर फक्त ९० इंच, म्हणजे सुमारे २.२९ मीटर. एवढ्याशा गाडीत भरपूर माल मावू लागला. ही मांडणी इतकी सोयीची ठरली की डॉजने १९६४ मध्ये ए-१०० या व्हॅनसाठी तीच स्वीकारली आणि शेवरलेनेही मागच्या इंजिनाचा नाद सोडून त्याच सुमारास सपाट तोंडाची, मधे पेटी असलेली व्हॅन काढली.

या मांडणीचे तोटेही लगेच दिसले. इंजिन, ड्रायव्हर आणि प्रवासी हे सगळं वजन पुढच्या चाकांवर आणि मागे रिकामी पेटारी. ब्रेक दाबला की गाडीचं शेपूट हलकं पडे. सुरुवातीच्या इकॉनोलाइनमध्ये फोर्डने तोल साधण्यासाठी मागच्या बाजूला सुमारे ७५ किलोचं निव्वळ वजन बसवून दिलं होतं. माल वाहण्यासाठी बनवलेल्या गाडीत कारखान्यानेच कायमचं ओझं भरून द्यावं, यावरून पुढचा भार किती होता हे कळतं.

पहिल्या इंजिनाची क्षमता १४४ घनइंच, म्हणजे जवळपास २.४ लिटर, आणि ताकद ८५ अश्वशक्ती. गावातल्या गावात दूध, ब्रेड किंवा प्लंबरची हत्यारं पोचवायला ती पुरेशी होती. पुढे १७० घनइंचांचं आणि शेवटच्या वर्षांत २४० घनइंचांचं इंजिनही मिळू लागलं. व्ही-८ मात्र पहिल्या पिढीच्या इकॉनोलाइनला फोर्डने कधीच दिलं नाही. डॉजने दिलं. ए-१०० मध्ये आधी २७३ आणि पुढे ३१८ घनइंचांचं व्ही-८ कारखान्यातूनच बसून येऊ लागलं. सीटांच्या मधे आठ सिलिंडर मावू शकतात याचा तो पुरावा होता आणि फोर्डवाल्यांना खुणावायला तो पुरेसा होता. त्यांच्याच कंपनीचं २८९ घनइंचांचं व्ही-८ मस्टँगमध्ये साध्या कार्बोरेटरवरही २०० अश्वशक्ती देत होतं. भंगारात ते सहज मिळे आणि आकारानेही ते बेताचं होतं.

बेताचं असलं तरी त्याचा आकार वेगळाच. सरळ रांगेतलं इंजिन उंच आणि अरुंद असतं. व्ही-८ मध्ये चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा ९० अंशांत एकमेकींपासून फाकलेल्या असतात. त्यामुळे ते लांबीला आखूड, पण रुंदीला ऐसपैस. मूळ पेटी अरुंद इंजिनाच्या मापाने दाबलेली. तिच्यात व्ही-८ उतरवलं की दोन्ही बाजूंचे हेड आणि त्यांच्याबाहेर आलेले एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड पेटीच्या भिंतींना भिडतात. वर कार्बोरेटर आणि एअर फिल्टर झाकणाला टेकतात. म्हणजे रुंदी आणि उंची, दोन्हींचा प्रश्न एकदम उभा राहतो.

उंचीचं काम त्यातल्या त्यात सोपं. बसका इनटेक मॅनिफोल्ड आणि खोलगट तळाचा एअर फिल्टर लावला की बरीच उंची वाचते. तरीही कमी पडलं, तर झाकणाला खालून पट्टी जोडून ते थोडं वर उचलायचं. उंच झालेल्या पेटीमुळे ड्रायव्हरचं काही अडत नाही. उलट हात टेकायला बरी जागा होते. रुंदीचं तसं नाही. तिथे प्रत्येक इंच माणसाच्या पायातून कापून घ्यावा लागतो. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. म्हणजे पेटी त्याच्या उजव्या पायाला लागून, आणि ॲक्सिलरेटरही त्याच पायाखाली. पेटीची भिंत दोन इंच सरकली, की बुटाला पेडलवर सरळ उभं राहता येत नाही आणि लांबच्या प्रवासात गुडघा सतत गरम पत्र्याला घासतो. म्हणून जाणकार कारागीर पेटी सरसकट रुंद करत नाही. मॅनिफोल्ड जिथे बाहेर येतो तेवढ्याच पट्ट्यात फुगवटा देतो आणि पेडलजवळ भिंत पुन्हा आत घेतो. कुठला मॅनिफोल्ड निवडायचा हेही मग ताकदीवर नाही, तर पायावर ठरतं. शर्यतीच्या गाडीतले लांब नळ्यांचे हेडर इथे कामाचे नाहीत. ब्लॉकला चिकटून खाली उतरणारे ओतीव लोखंडाचे साधे मॅनिफोल्ड बरे.

दुसरा मार्ग म्हणजे इंजिन काही इंच मागे सरकवणं. त्याने पायाजवळची जागा सुटते आणि पुढच्या चाकांवरचा भारही थोडा मागे जातो. त्याच्या बदल्यात पेटी मागे वाढते, सीटांमधून मागे जायची वाट बुजते आणि प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून घ्यावा लागतो. खाली पुढच्या चाकांचा अखंड आस आहे. खड्ड्यात तो वर उसळला तर इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या चेंबरवर आदळता कामा नये. त्यामुळे चेंबरचा खोलगट भाग पुढे असावा की मागे, हे पेटी कापण्याआधी ठरवावं लागतं. शेवरलेचं व्ही-८ घालायचं असेल तर आणखी एक अडचण. त्याचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो, फोर्डचा पुढच्या. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढायला हात जाईल अशी सोय त्या-त्या टोकाला ठेवावी लागते.

प्रत्यक्ष काम पुठ्ठ्यापासून सुरू होतं. इंजिन कायमच्या फाउंडेशनवर बसवून, गिअरबॉक्स जोडून, एअर फिल्टरसकट सगळं जागेवर ठेवून मगच माप घ्यायचं. चालू इंजिन स्थिर नसतं. रबरी फाउंडेशनवर ते हलतं आणि जोर पडला की एका अंगाला कलतं. या व्ही-८ मध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर डावी, म्हणजे नेमकी ड्रायव्हरकडची बाजू वर उचलली जाते. म्हणून दोन्हीकडे निदान इंचभर फट आणि डावीकडे थोडी जास्त, हा धडा. पुठ्ठ्याचा साचा मनासारखा झाला की तो साधारण सव्वा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर उतरवतात. मूळ पेटी पूर्ण फेकून न देता ती उभी चिरतात आणि मधे नव्या पट्ट्या भरतात, म्हणजे कारखान्याने दिलेल्या कडा, क्लिपा आणि झाकणाची बैठक तशीच राहते. वेल्डिंग सलग ओढलं तर पातळ पत्रा तापून पिळतो. म्हणून आधी लांब लांब टाके, मग त्यांच्या अधेमधे टाके, असं करत शिवण पूर्ण करायची. मोठ्या सपाट भागावर पन्हळीसारख्या रेषा दाबून घेतात. नाहीतर तो भाग इंजिनाच्या ठरावीक वेगाला ढोलासारखा वाजू लागतो. काहीजण फोमवर आकार कोरून फायबरग्लासची पेटी घडवतात. तिला हवी तशी गोलाई देता येते, पण मॅनिफोल्डच्या तापापासून तिला जास्त जपावं लागतं.

इथपर्यंत दिसणारं काम. यापुढचं काम दिसत नाही, पण त्याच्यावर जीव अवलंबून असतो. साध्या मोटारीत इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये एक पक्की भिंत असते. या व्हॅनमध्ये ती भिंत म्हणजे हीच पेटी. झाकणाखालच्या रबराला कुठे फट राहिली, तर एक्झॉस्टच्या गळतीतला कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. त्याला ना रंग ना वास. म्हणून नव्या पेटीच्या तळाशी सगळीकडून सारखं दाबलं जाणारं रबर बीडिंग आणि झाकण घट्ट ओढून धरणाऱ्या क्लिपा हव्यातच. उष्णतेसाठी थर लावायचा क्रमही ठरलेला आहे: इंजिनाच्या बाजूला ताप परतवणारा चकचकीत अस्तराचा थर, शक्य तिथे त्याच्या आणि पत्र्याच्या मधे हवेची फट, केबिनच्या बाजूला कंप शोषणारा चिकट थर, त्यावर नमदा आणि सगळ्यात वर गालिचा किंवा रेक्झिन. हौशी माणसं बहुधा वरून सुरुवात करतात, गालिचा झकास निवडतात आणि आतल्या फटीसाठी जागाच उरत नाही.

मोठ्या इंजिनाची उष्णता शेवटी बाहेर टाकायची ती रेडिएटरने, आणि या गाडीचा रेडिएटरही पुढच्या सपाट पत्र्याआड, पायांच्या मधल्या अरुंद जागेत कोंबलेला. जास्त जाड रेडिएटर, पंख्याभोवती नीट बसणारं आवरण आणि तापलेली हवा गाडीखाली निघून जायला वाट, या तिन्ही गोष्टी पेटीच्या आराखड्यातच धराव्या लागतात. पेटी सर्व बाजूंनी छान बंद केली आणि खालची वाट विसरली, तर वाहतुकीत अडकल्यावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून गाडी बंद पडते. जुने ड्रम ब्रेक आणि पुढचे पाटे दुप्पट ताकदीसाठी नव्हते, हे तर वेगळं सांगायलाच नको. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून केलेली सुबक पेटी निरर्थक आहे.

पेटीच नको, असं ठरवणारेही होऊन गेले. डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी हॅरी बेंटली ब्रॅडलीच्या आराखड्यावरून १९६५ च्या डॉज ए-१०० पिकअपची ‘डिओरा’ ही गाडी घडवली. तिच्यात शिरायचं समोरून. त्यासाठी इंजिन सीटांच्या मधून काढून मागे, माल ठेवायच्या जागेत नेलं. १९६७ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटोरामा प्रदर्शनात तिने मानाचा रिडलर पुरस्कार मिळवला आणि पुढच्याच वर्षी हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा खेळण्यांत तिची छोटी प्रतिकृती आली. दुसरी ‘लिटल रेड वॅगन’. तीही ए-१०० पिकअपच. केबिनच्या मागे ४२६ घनइंचांचं हेमी इंजिन बसवल्यावर सगळं वजन मागच्या चाकांकडे गेलं आणि जोरात सोडली की ती पुढची चाकं हवेत घेऊन धावू लागली. बिल ‘मॅव्हरिक’ गोल्डनने तोच तिचा खेळ बनवला आणि शर्यतीच्या मैदानांवर वर्षानुवर्षं दाखवला. दोन्ही गाड्या अफलातून, पण दोन्हींनी माल वाहायची जागा गमावली. व्हॅन म्हणून वापरायची असेल, तर पेटीशी जमवून घ्यावंच लागतं.

ही विद्या अमेरिकेत फोफावली यामागे कायद्याचाही वाटा आहे. कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यातही १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे. त्यामुळे साठच्या दशकातल्या व्हॅनचं इंजिन बदलणाऱ्याच्या मार्गातला एक मोठा अडथळा दूर होतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घातलं आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. इंजिन बदलायचं तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंद लागते.

हौशी कारागिरांनी गॅरेजात जी झुंज दिली, ती फोर्डलाही चुकली नाही. १९६८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत कंपनीने इकॉनोलाइनला ३०२ घनइंचांचं व्ही-८ दिलं, पण त्यासाठी इंजिन पुढे सरकवलं आणि गाडीला छोटंसं नाक काढलं. १९७५ च्या पिढीत ते नाक आणखी लांब झालं. तरीही इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये घुसलेलाच राहिला आणि पेटीही राहिली. अमेरिकेत २०१४ मध्ये या व्हॅनचं उत्पादन संपून तिची जागा ट्रान्झिटने घेतली, तेव्हा कुठे सीटांच्या मधली वाट मोकळी झाली. कारखान्याने अर्धशतकात चेहरा बदलत थोडी थोडी जागा मिळवली. ज्याला १९६१ चा सपाट चेहरा तसाच ठेवायचा आहे, त्याला ती सवलत नाही. वाढलेल्या ताकदीची किंमत त्याला केबिनमध्येच चुकवावी लागते आणि कारागिराचं कसब ती किंमत कमीत कमी ठेवण्यात असतं.

म्हणून अशी व्हॅन पाहायला मिळाली, तर मालकाला अश्वशक्ती विचारू नये. ड्रायव्हरच्या सीटवर बसून उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून पाहावा. तो सरळ राहत असेल आणि प्लग बदलायला झाकण एका माणसाला उचलता येत असेल, तर इंजिन कितीही मोठं असो, काम चांगलं झालं आहे.