परसातील सीताफळ : फूल येते, फळ का धरत नाही ?

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या उतारांवर, विशेषतः धारूर व अंबाजोगाईच्या परिसरात, सीताफळ खडकाळ मुरमातही आपोआप वाढते. येथील सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. असे असूनही परसात हौसेने लावलेले झाड चैत्र-वैशाखात फुलांनी लगडते आणि फळे मात्र मोजकीच धरतात, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे मूळ बहुधा जमिनीत नसून फुलात व हवेत असते.

सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात. परंतु स्त्रीकेसर आधी पक्व होतात आणि पराग मागाहून सुटतो. त्यामुळे फुलाचा पराग त्याच फुलास सहसा उपयोगी पडत नाही. तो एका फुलातून दुसऱ्यात नेण्याचे काम लहान भुंगेरे करतात. शिवाय वैशाखातील कोरड्या झळांनी स्त्रीकेसर सुकतात. मृगाच्या सरींनंतर फळधारणा सुधारते, ती हवेतील ओलाव्यामुळे.

दोनचार झाडांपुरते हे काम घरच्या माणसांना हाताने करता येते. सकाळी लवकर, पूर्ण उमललेल्या फुलांतील पराग कोरड्या बशीत झाडून घ्यावा व ज्या फुलांच्या पाकळ्या नुकत्या विलग होत आहेत, त्यांच्या मध्यभागी मऊ कुंचल्याने हलकेच लावावा. अशा फुलांच्या देठास दोरा बांधल्यास किती फळे धरली ते कळते. झाडाभोवतीचे आळे ओले ठेवून त्यावर पालापाचोळा पसरावा.

बहार चांगला येण्यासाठी पानगळ पुरी व्हावी लागते. सीताफळाचा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान गळल्यावाचून तो फुटत नाही. मोरीचे पाणी बारमाही मिळणाऱ्या झाडाची पानगळ लांबते व फूट विरळ येते. म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस पाणी तोडावे, पाने गळाल्यावर वाळक्या फांद्या छाटाव्यात आणि मगच पाणी सुरू करावे.

नवे झाड लावताना निचऱ्याची जागा निवडावी. पाणी धरून ठेवणारी काळी जमीन टाळावी. पाला शेळ्या सहसा खात नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो. बियांची पूड मात्र डोळ्यांस अपायकारक असल्याने बिया मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. फळाचे डोळे फुगून त्यांमधील चिरा पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या म्हणजे फळ उतरवण्याजोगे झाले असे समजावे.